नवीन स्टिरिओ बसवल्यापासून स्पीकरमधून येणारी शिट्टी : कारण कसे शोधावे?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचा मूळ स्टिरिओ दिवाळीच्या सुमारास बंद पडला, म्हणून ठाण्यातल्याच एका दुकानातून ९ इंची पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ, पुढच्या दारांत नवे स्पीकर आणि डाव्या सीटखाली चार चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर असे सगळे एकदम बसवून घेतले. त्याच दिवशी मागचा कॅमेराही लावून घेतला. गाणी उत्तम वाजतात. परंतु इंजिन सुरू झाले की पुढच्या दोन्ही स्पीकरमधून एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती इंजिनाच्या मागोमाग वर चढत जाते. घोडबंदर रस्त्यावर माझा रोजचा तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो, त्यामुळे ही शिट्टी सतत वर-खाली होत असते आणि घरी पोहोचेपर्यंत डोके उठते.

मी स्वतः जेवढे पाहिले ते असे. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली, तर स्पीकर पूर्ण शांत असतात. इंजिन चालू असताना स्टिरिओचा आवाज शून्यावर आणला तरी शिट्टी तेवढीच राहते, कमी होत नाही. माजिवड्याच्या सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवला की शिट्टीचा सूर किंचित बदलतो, असे पत्नीचे म्हणणे आहे. मला तो भास वाटतो.

दुकानदाराने गाडी दोनदा पाहिली. पहिल्या वेळी त्याने स्टिरिओच्या पिवळ्या तारेत एक नॉइज फिल्टर बसवला, त्याने काडीचाही फरक पडला नाही. दुसऱ्या वेळी 'अल्टरनेटर गेलाय, बदलून घ्या' असे सांगून त्याने हात वर केले. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) ही काही हजारांची गोष्ट आहे, आणि तो खरोखर खराब असेल तर बॅटरी नीट चार्ज का होते, हे मला समजत नाही. हातात पाना आणि टेस्टर धरण्याची माझी तयारी आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कृपया सांगावे.

ऐरोलीकर

माझ्या गाडीत अगदी अशीच शिट्टी होती आणि फिल्टर लावल्याबरोबर ती गेली. तुमच्या दुकानदाराने हलक्या प्रतीचा फिल्टर लावला असण्याची शक्यता आहे. चांगला, जाड गुंडाळीचा फिल्टर घेऊन पुन्हा प्रयत्न करावा, असे सुचवतो.

जुना वायरमन

ऐरोलीकर, आपल्या गाडीत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर होता का? नसेल, तर आपला अनुभव खरा असूनही तो येथे लागू पडणार नाही. फिल्टर म्हणजे एक गुंडाळी आणि एक कॅपॅसिटर. पुरवठ्याच्या तारेतून स्टिरिओत शिरणारी थरथर तो अडवतो. मूळ पोस्टमधील शिट्टी मात्र बहुधा त्या वाटेने येतच नाही, आणि ज्या दाराने चोर येत नाही त्या दाराला कितीही भारी कुलूप लावले तरी उपयोग नाही.

कासारवडवलीकर, तुम्ही तीन गोष्टी नीट पाहिल्या आहेत, त्यामुळे अर्धे काम झालेले आहे. इंजिन बंद असताना शांतता आहे, म्हणजे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर मुळात ठीक आहेत. शिट्टी इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढते, म्हणजे तिचा उगम अल्टरनेटरच्या विजेत आहे. पण याचा अर्थ अल्टरनेटर नादुरुस्त आहे असा होत नाही, कारण उत्तम स्थितीतल्या अल्टरनेटरच्या विजेतही थोडी थरथर असतेच. आवाज शून्यावर आणूनही शिट्टी कमी होत नाही, म्हणजे ती व्हॉल्यूमच्या पुढच्या टप्प्यात शिरते आहे. स्टिरिओच्या पाठीमागून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या आरसीए केबलवर माझा पहिला संशय आहे.

त्याचे कारण जरा सविस्तर सांगतो. गाडीचा पत्रा म्हणजे ऋण टोक, आणि ते सगळीकडे शून्य व्होल्टला असते, असे आपण धरून चालतो. कागदावर ते बरोबर आहे. प्रत्यक्षात त्या पत्र्यातून दिवे, पंखा, फ्युएल पंप अशा सगळ्यांचा प्रवाह परतत असतो, आणि जोडावर रंग किंवा गंज असेल तर तेथे काही मिलिव्होल्ट ते काही शतांश व्होल्टचा चढ तयार होतो. स्टिरिओची अर्थिंग (काळी तार पत्र्याला जोडणे, थोडक्यात 'अर्थ') डॅशबोर्डमागे एका ठिकाणी आणि अ‍ॅम्प्लिफायरची सीटखाली दुसऱ्या ठिकाणी असली की या दोन 'शून्यां'मध्ये फरक पडतो. आरसीए केबलची बाहेरची जाळी या दोघांना जोडते, म्हणून त्या फरकाचा प्रवाह जाळीतून वाहू लागतो आणि अल्टरनेटरची थरथर गाण्याच्या वाटेवर जाऊन बसते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायर तिला गाणे समजून इमानेइतबारे मोठे करतो.

आता कृती. पहिली गोष्ट, आरसीएचे प्लग काढण्या-घालण्यापूर्वी स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बंद असले पाहिजेत. काही स्टिरिओंत आरसीएच्या जाळीच्या वाटेवर एक सूक्ष्म फ्यूज असतो. चालू स्थितीत प्लग ओढला की तो उडतो आणि मग नसलेली शिट्टीसुद्धा सुरू होते. सगळे बंद करून अ‍ॅम्प्लिफायरकडचे प्लग काढा, त्यांच्या जागी मधली पिन आणि बाहेरचे कडे तारेच्या तुकड्याने एकमेकांस जोडलेले दोन रिकामे प्लग घाला, आणि इंजिन सुरू करा. शिट्टी गेली, तर अ‍ॅम्प्लिफायर, त्याचा पुरवठा आणि स्पीकरच्या तारा निर्दोष ठरतील. राहिली, तर दोष त्यांच्यातच शोधायचा.

दुसरे काम मल्टीमीटरचे. इंजिन, हेडलाइट, ब्लोअर आणि गाणे चालू ठेवा. मीटरची काळी तार थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लांब तारेने जोडा, आणि लाल तार आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला व नंतर स्टिरिओच्या काळ्या तारेला लावून डीसी मिलिव्होल्ट मोजा. दोन्ही आकडे येथे लिहा. आणि एक विनंती, सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर त्यांना अजिबात हात लावू नका. ते एअरबॅग व सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात.

ऐरोलीकर

अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, फक्त स्टिरिओ बदलला होता. आपला मुद्दा समजला.

सर्किटवेडा

शिट्टीच का, घरघर का नाही, या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे, म्हणून थोडी भर घालतो. ढोबळ आकडे धरू. निष्क्रिय वेगावर इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेते आणि पुलीच्या गुणोत्तरामुळे अल्टरनेटर सुमारे २००० फेरे घेतो. अल्टरनेटरमध्ये ध्रुवांच्या ६ जोड्या असल्या तर विजेची वारंवारता २००० गुणिले ६ भागिले ६०, म्हणजे २०० हर्ट्झ होते. ही वीज तीन फेजची असते आणि सहा डायोड तिचे एकदिश विजेत रूपांतर करतात, त्यामुळे प्रत्येक आवर्तनात ६ लहान उंचवटे उरतात. म्हणजे थरथर १२०० हर्ट्झची झाली. इंजिन ३००० फेऱ्यांवर गेले की हाच आकडा ४५०० हर्ट्झ होतो. माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, त्यामुळे अगदी क्षीण असूनही ती ऐकू येतेच.

यावरून एक ओळख सांगता येते. सूर चढत-उतरत असेल तर अल्टरनेटर. इंजिनाच्या वेगाबरोबर टकटक वाढत असेल तर स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर. सूर न बदलता नुसती 'श्श' अशी फुसफुस असेल, तर बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (आवाज किती पट मोठा करायचा ते ठरवणारा स्क्रू) गरजेपेक्षा जास्त ठेवलेला असतो.

नेरूळची वाचक

माझा त्रास थोडा वेगळा होता. पाम बीच रस्त्याने जाताना मोबाइल ऑक्स केबलने जोडलेला असे आणि तोच मोबाइल सिगारेट लायटरच्या चार्जरवरही लावलेला असे, तेव्हाच शिट्टी यायची; चार्जर काढला की थांबायची. हेसुद्धा ग्राउंड लूपच का?

जुना वायरमन

होय ताई, तंतोतंत तेच. मोबाइलला दोन वाटांनी अर्थ मिळतो, एक चार्जरकडून आणि दुसरा ऑक्स केबलच्या जाळीतून. तुमच्या बाबतीत ऑक्सच्या वाटेवर लावायचा छोटा आयसोलेटर पुरेसा आहे. त्यात दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, ते गाणे पलीकडे पोचवतात पण दोन्हीकडच्या अर्थ वेगळ्या ठेवतात. स्वस्त आयसोलेटरमध्ये ढोलकीचा खर्ज पातळ होतो, तेवढे ऐकून घ्या. ब्लूटूथवर गाणी लावली तर त्याचीही गरज नाही.

कासारवडवलीकर

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. वायरमनकाका, आज सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये कामाला लागलो, पण सुरुवातीलाच धक्का बसला. अल्टरनेटरचा संशय आधी मिटवावा म्हणून मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीला लावला, तर त्यावर ३० च्या आसपास आकडा आला! माझा मीटर साधा, पिवळा, स्वस्तातला आहे. दुकानदाराचे म्हणणे खरे होते की काय, या विचाराने पुढचे काम थांबवले आहे.

जुना वायरमन

घाबरू नका. मीटरच्या तारा उलट करून पुन्हा लावा; आता आकडा शून्य येईल. हे स्वस्त मीटर एसीच्या पट्टीवर एकच डायोड वापरून अर्धी लाट मोजतात आणि तिला सव्वादोनच्या आसपास गुणून दाखवतात. त्यामुळे बॅटरीच्या १४ व्होल्ट डीसीलाच तो ३० व्होल्ट एसी म्हणून सांगतो. अशा मीटरमुळे किती धडधाकट अल्टरनेटर भंगारात गेले असतील, देव जाणे.

लाल तारेच्या वाटेत १ मायक्रोफॅरॅडचा, निदान १०० व्होल्टचा, साधा बिनध्रुवी कॅपॅसिटर घाला. तो डीसी अडवेल आणि फक्त थरथर मीटरपर्यंत जाऊ देईल. आकडा अगदी अचूक येणार नाही, कारण हे मीटर हजार हर्ट्झच्या वर विश्वासार्ह नसतात. परंतु अल्टरनेटरचा डायोड गेला असता तर साधारण अर्ध्या व्होल्टच्या वर काहीतरी दिसलेच असते.

कासारवडवलीकर

तारा उलट केल्यावर खरोखर शून्य आला. नौपाड्यातल्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून कॅपॅसिटर आणून पुन्हा मोजले; मीटर ०.० आणि ०.१ यांमध्येच घुटमळतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट डीसी आहेत. म्हणजे अल्टरनेटर बदलण्याचा विषय येथे संपला असे समजतो.

पुढे आपण सांगितलेले प्रयोग केले. आरसीए काढून जोडतारेचे रिकामे प्लग घातल्यावर इंजिन चालू असूनही संपूर्ण शांतता पसरली. नंतर चार्जरला न लावलेला मोबाइल थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडून गाणे लावले, तेव्हाही शिट्टी नव्हती. बॅटरीच्या ऋण टोकापासून अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थपर्यंत १९० मिलिव्होल्ट आणि स्टिरिओच्या काळ्या तारेपर्यंत ४० मिलिव्होल्ट मिळाले.

अ‍ॅम्प्लिफायरची काळी तार कुठे जाते ते पाहिले, तर दुकानदाराने ती सीटच्या रुळाच्या बोल्टखाली दाबलेली आहे. बोल्टभोवतीचा रंग जसाच्या तसा आहे.

जुना वायरमन

सापडला एक आरोपी. सीटचा बोल्ट अर्थसाठी वापरू नये, याला दोन कारणे आहेत. एक तर त्याच्या आट्यांवर बहुधा रंग किंवा डिंकासारखे रसायन असते. दुसरे, तो बोल्ट अपघातात माणूस धरून ठेवण्यासाठी आहे, त्याखाली तारेची टिकली घालून त्याची पकड बिघडवणे बरे नाही.

गालिचा उचलून जवळच कंपनीचा अर्थचा बोल्ट आहे का ते पाहा. बहुतेक गाड्यांत दाराच्या उंबऱ्याजवळ किंवा मधल्या बोगद्यापाशी तो असतो. नसेल आणि नवे भोक पाडावेच लागणार असेल, तर आधी गाडीखाली डोके घालून पाहा, कारण पेट्रोलची आणि ब्रेकची नळी तेथूनच जाते. जागा ठरली की बॅटरीचे ऋण टोक काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत दिसेपर्यंत रंग घासा, तारेला दाबून बसवलेली गोल टिकली लावा, खाली दातेरी वॉशर घालून आवळा, आणि सगळे झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन चोपडा. आधी नाही, नंतर. आपल्याकडच्या पावसाळ्यात खाडीच्या हवेने उघडा पत्रा एका मोसमात तांबूस होतो. तार पुरवठ्याच्या लाल तारेइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड असू द्या.

कासारवडवलीकर

काल रात्री हे काम पूर्ण केले. उंबऱ्याजवळ कंपनीचाच बोल्ट मिळाल्यामुळे भोक पाडावे लागले नाही. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ आता १९० वरून २२ मिलिव्होल्टवर आली आहे. शिट्टी निम्म्याने कमी झाली, पण गेली नाही. काचा बंद असताना अजून ऐकू येते. आरसीए केबल लाल तारेच्या बाजूनेच नेलेली होती, ती काढून गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेऊन पाहिली. त्याने काही फरक जाणवला नाही.

सर्किटवेडा

तारा शेजारी असल्याने शिट्टी येते असे सगळीकडे लिहिलेले असते, पण जाळी आणि अर्थ ठीक असतील तर तो परिणाम सहसा किरकोळच असतो. तरीही आता वेगळी नेलीच आहे तर तशीच ठेवा.

उरलेल्या शिट्टीसाठी स्टिरिओच्या पाठीमागे जे जे खुपसलेले आहे ते एकेक करून काढून पाहणे, हाच मार्ग आहे. एफएमच्या अँटेनाची केबल छतावर जाऊन पत्र्याला टेकते, यूएसबीची लांब केबल असते, जीपीएसचा चुंबकी तुकडा असतो. यांपैकी प्रत्येकाच्या जाळीतून स्टिरिओला आणखी एक अर्थ मिळू शकते.

जुना वायरमन

मूळ पोस्ट पुन्हा वाचली आणि स्वतःचाच राग आला. ब्रेक दाबल्यावर सूर बदलतो, असे वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि ते तुमच्याबरोबर मीही भास समजून सोडून दिले. तो भास नाही. मागचे दोन ब्रेकदिवे २१ वॅटचे असतात. म्हणजे ४२ वॅट, सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह मागच्या दिव्याच्या अर्थमधून जातो. तुमच्या गाडीच्या मागच्या भागातून स्टिरिओपर्यंत एकच गोष्ट येते, ती म्हणजे कॅमेरा. कॅमेऱ्याची काळी तार दुकानदाराने कोठे जोडली आहे? माझा अंदाज, रिव्हर्सच्या दिव्याच्या झुपक्यात.

इंजिन बंद, स्टिरिओ बंद करून कॅमेऱ्याचा पिवळा प्लग स्टिरिओच्या मागून काढा आणि मग ऐका.

कासारवडवलीकर

काका, प्लग काढला आणि शिट्टी गेली. संपूर्ण गेली. बोनेट उघडून इंजिन खरेच चालू आहे ना, याची खात्री केली.

डिकीचे आतले आवरण काढून पाहिले. आपला अंदाज बरोबर निघाला. कॅमेऱ्याची लाल व काळी अशा दोन्ही तारा उजव्या मागच्या दिव्याच्या तारांना पीळ देऊन वर टेप गुंडाळलेली आहे. त्या जागी काळ्या तारेवर ३५ मिलिव्होल्ट आहेत आणि ब्रेक दाबला की १२० होतात. पण एक शंका राहते. कॅमेऱ्याला वीज फक्त रिव्हर्स गिअरमध्ये मिळते, मग गाडी पुढे जात असताना तो शिट्टी कशी आणतो?

जुना वायरमन

लाल तारेत वीज असो वा नसो, काळी तार आणि व्हिडिओ केबलची जाळी ही कायमच जोडलेली असतात. कॅमेरा झोपलेला असला तरी त्याच्या अंगावरून मागच्या दिव्याची अर्थ आणि स्टिरिओची अर्थ यांच्यात पूल बांधलेला आहे, आणि तेथून आरसीएच्या जाळीतून तो अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचतो. दुरुस्ती साधी आहे. काळी तार दिव्याच्या झुपक्यातून सोडवा, तिला नवी तार जोडा, ती व्हिडिओ केबलच्या जोडीने पुढे आणा आणि स्टिरिओच्या काळ्या तारेलाच जोडा. कॅमेऱ्याला लागणारा प्रवाह अगदी थोडा असतो, बारीक तार चालेल. लाल तार आहे तेथे राहू द्या. मात्र कॅमेऱ्याचे कवच धातूचे असेल तर स्क्रूखाली रबरी वॉशर घाला, नाहीतर तो तेथूनही पत्र्याला टेकेल. आणि पीळ दिलेले जोड आता उघडलेच आहेत तर डाग देऊन त्यांवर श्रिंक ट्यूब चढवा. टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळतो.

कासारवडवलीकर

रविवारी सकाळी तीन तासांत हे सगळे केले. निम्मा वेळ डिकीच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या न तोडता काढण्यात गेला, तरी दोन तुटल्याच. काल संध्याकाळी माजिवड्यापासून गायमुखपर्यंत जाऊन आलो. आवाज शून्यावर ठेवला तर फक्त एसीचा पंखा ऐकू येतो. रिव्हर्स घेताना पडद्यावर ज्या आडव्या रेघा हलायच्या त्याही गेल्या, त्या कॅमेऱ्याच्याच दर्जामुळे आहेत असे मी समजत होतो. दुकानदाराने लावलेला फिल्टर काढून टाकला, त्याने काही बिघडले नाही.

एक बारीक फुसफुस उरली होती, ती सर्किटवेडा यांनी वर सांगितल्याप्रमाणे गेनची निघाली. गेनचा स्क्रू जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलेला होता. स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवला, गाणे फाटेपर्यंत गेन वाढवला आणि तेथून थोडा मागे घेतला. आता तो मध्याच्याही अलीकडे आहे आणि फुसफुस कान लावल्याशिवाय कळत नाही.

पत्नीने हा धागा वाचला असून 'भास' हा शब्द दोनदा मोठ्याने वाचून दाखवला.

खारघरवासी

फार उपयुक्त चर्चा. माझ्या गाडीतही नुकताच नवा स्टिरिओ बसवला आहे. शिट्टी नाही, परंतु पूर्वी स्वच्छ ऐकू येणारे १०७.१ वरचे एफएम रेनबो आता खारघरमध्ये नुसते खरखरते. इंजिन बंद असले तरी तसेच. हीसुद्धा अर्थचीच भानगड आहे का?

जुना वायरमन

नाही. इंजिन बंद असतानाही तसेच असेल तर आधी अँटेना पाहा. बऱ्याच गाड्यांत छतावरच्या आखूड अँटेनाच्या मुळाशी एक छोटा वर्धक असतो आणि त्याला मूळ स्टिरिओकडून १२ व्होल्ट मिळत असतात. नवा स्टिरिओ लावताना ती जोडणी राहून जाते. नव्या स्टिरिओच्या मागे अँटेनासाठी निळी तार असते. ती मोकळी लटकत असेल, तर कपलरमधल्या अँटेनाच्या पुरवठ्याच्या तारेला जोडून घ्या. काही गाड्यांत हा पुरवठा अँटेनाच्या केबलमधूनच वर जातो, तेथे त्यासाठीचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो.

खारघरवासी

निळी तार टेप गुंडाळून तशीच सोडलेली आहे, आत्ताच टॉर्च लावून पाहिले. उद्या सुट्टी आहे, जोडून कळवतो.